फान वनलान यांच्या टिपा

मी टिपा आधी वाचते, मूळ ग्रंथ नंतर. म्हणून चीनचे टीपाकार फान वनलान यांच्यावर माझा फार जीव आहे.

त्यांच्या टिपा ज्यावर आहेत, तो ‘वनशिन द्याओलोंग’ हा साहित्यविचाराचा ग्रंथ ल्यू श्ये यांनी इ.स. 500च्या सुमारास लिहिला. अध्याय 50. गरिबीत वाढून बौद्ध मठाच्या आश्रयाला आलेल्या या माणसाला कोण विचारणार? राजवंशाच्या इतिहासात नोंद आहे, की शन य्वे या वजनदार साहित्यिकाची गाडी निघताना ते फेरीवाल्यासारखे पोथी घेऊन वाटेत उभे राहिले. शन य्वेंनी ती वाचली, आणि पुढे ती त्यांच्या मेजावरच राहिली.

वाचकाची अडचण ही, की ल्यू श्ये जुन्या कृतींचा दोन-चार अक्षरांत उल्लेख करून पुढे जातात. पेकिंग विद्यापीठात ह्वांग कान हा ग्रंथ शिकवत; फान त्यांचे विद्यार्थी. पुढे फान यांनी थ्येनचिनच्या नानखाय विद्यापीठात तो स्वतः शिकवला, 1925 साली व्याख्यानं छापली आणि 1929पासून विस्तारलेली टीका काढली. ल्यू श्ये यांनी नुसतं नाव घेतलेला उताराच फान अनेकदा टिपेत सबंध उतरवून देतात. टिपा मुळाच्या कितीतरी पट वाढल्या, पण जवळ ग्रंथसंग्रह नसलेल्या विद्यार्थ्याला सगळं एकाच जागी मिळालं. हे औदार्य मला विद्वत्तेहून मोठं वाटतं. यांग मिंगचाव यांनी नंतर त्यातल्या चुका दुरुस्त केल्या, तीही सेवाच.

फान 1940मध्ये कम्युनिस्टांचा तळ असलेल्या येनआनला गेले, मार्क्सवादी इतिहासकार म्हणून गाजले. टीकेची नवी आवृत्ती 1958 साली निघाली.