दातातलं सिमेंट अवजाराला चिकटू नये म्हणून काय लावतात?
दातात भरतात ते पांढरं ‘सिमेंट’ म्हणजे कंपोझिट: रेझिन आणि काचेची बारीक पूड. साधारण ४७० नॅनोमीटरच्या निळ्या लाइटने ते कडक होतं, म्हणून सुमारे २ मिमीचे थर देतात. रनाळ्याहून नंदुरबारला जाऊन मी दाढ भरून घेतली, तेव्हा डॉक्टर अवजार सारखं कशात तरी बुडवत होते. कारण कंपोझिट अवजाराला चिकटतं आणि ओढलं गेलं की आत हवेची पोकळी राहते. त्यासाठी खास मॉडेलिंग रेझिन मिळतं. पुसटसं लावलं तर ठीक. जास्त झालं की तिथे पूड कमी पडते, थर मऊ राहतो, चहाचे डाग लवकर धरतात. स्पिरिट मला पटत नाही. बॉण्डिंगचं लिक्विडही नाही, कारण बऱ्याच बॉण्डिंगमध्ये अल्कोहोल किंवा ॲसिटोन असतं आणि ते थरांत अडकलं तर भरलेलं कमजोर होऊ शकतं. खुर्चीत बसण्याआधी बिनधास्त विचारा, डॉक्टर, अवजाराला काय लावता?