काकाजींच्या जीपचं इंजिन

स्मरणिकेच्या मंडळींनी "गावाच्या इतिहासावर काहीतरी दे" असं सांगितलं, तेव्हा त्यांच्या मनात १९४२ असणार हे मला माहीत आहे. १६ ऑगस्ट, बालाजी रायपूरकर, भन्साळींचं ६३ दिवसांचं उपोषण. यावर आपण शाळेत इतके निबंध लिहिले आहेत की आजही झोपेतून उठवलं तर पहिला परिच्छेद म्हणून दाखवता येईल. त्या इतिहासाला हुतात्मा स्मारक आहे, दरवर्षी झेंडा लागतो, भाषणं होतात. मी लिहिणार आहे ती आपल्या गावात नंतर आलेल्या एका गोष्टीबद्दल, जिची कुठे पाटी नाही.

आपल्यापैकी बहुतेकांना आमच्या काकाजींची जीप आठवत असेल. उंच नाकाची, वर ताडपत्री, मागे समोरासमोर दोन बाकडी. तालुक्याच्या कबड्डी सामन्यांना नेरीला, भिसीला जाताना आपण त्यात किती जण बसायचो ते आज आरटीओसमोर सांगण्यासारखं नाही. ती १९६४ ची आहे. दोन वर्षांपासून अंगणात उभी होती, कारण ती ऑइल खायला लागली, धूर मारायला लागली आणि चढावर दम सोडायला लागली. यंदा घरात विषय निघाला की हिचं काय करायचं, आणि निर्णय माझ्यावर आला, कारण मी 'इंजिनिअर'. मी पुण्यात बसून सॉफ्टवेअर लिहिते हे काकाजींच्या लेखी किरकोळ आहे. इंजिनिअर म्हणजे इंजिनवाली.

प्रश्न वरवर सोपा होता. इंजिन बांधायचं की बदलायचं? पण कोणतं इंजिन, इथेच गाडं अडलं. जीप आली ती पेट्रोलवर. १९८७ मध्ये काकाजींनी ते इंजिन उतरवून डिझेल चढवलं. जुनं पेट्रोल इंजिन गोठ्याच्या कोपऱ्यात पोत्याखाली आजही आहे. भावाकडे एका मोठ्या शहरातल्या जुन्या गाड्या जमवणाऱ्या गृहस्थांचं बोलणं आलं होतं: मूळ पेट्रोल इंजिन बसवून द्या, चांगली किंमत देतो, डिझेल असेल तर नको. भावाला त्या पैशांची गरज होती आणि त्यात चुकीचं काही नव्हतं. काकाजी ८४ वर्षांचे. त्यांचं एकच म्हणणं, गाडी शेतात गेली पाहिजे. आणि चौकातल्या मिस्त्रीभाऊंचा तिसरा सल्ला: "काहून एवढा विचार करता ताई? नवीन डीआय इंजिन टाका, पाच वर्षं बोनेट उघडू नका."

'मूळ इंजिन' हा शब्द मला खटकत राहिला, म्हणून मी त्याचा माग काढला. तो माग अमेरिकेत ओहायोतल्या टोलेडो शहरापर्यंत गेला.

विलीज-ओव्हरलँड या कंपनीची व्हिपेट नावाची मोटार १९२६ मध्ये निघाली. तिच्या चार सिलिंडरच्या इंजिनाचा बोअर सव्वातीन इंचाला थोडा कमी, ३ पूर्णांक १/८, आणि स्ट्रोक ४ पूर्णांक ३/८ इंच. म्हणजे सुमारे २,२०० सीसी. पुढे मंदीत कंपनी डबघाईला आली. १९३८ मध्ये बार्नी रूस हे मुख्य इंजिनिअर म्हणून आले, तेव्हा नवं इंजिन काढायला कंपनीकडे पैसा नव्हता. मग रूसनी जुन्याच इंजिनावर हात फिरवला. हलके ॲल्युमिनियमचे पिस्टन, चांगले बेअरिंग, हलकं फ्लायव्हील, भागांमधल्या मापांत जास्त काटेकोरपणा. ४८ अश्वशक्तीचं इंजिन ६० वर गेलं. बोअर आणि स्ट्रोक तेच राहिले. 'गो डेव्हिल' नावाने ते युद्धातल्या जीपमध्ये गेलं, आणि महायुद्ध संपेपर्यंत विलीज व फोर्ड मिळून ६ लाखांवर जीप बनल्या.

१९५० मध्ये त्याच ब्लॉकवर नवं हेड बसवलं गेलं. इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्येच. ताकद वाढली, पण इंजिन उंच झालं आणि जुन्या बोनेटखाली मावेना. म्हणून १९५३ च्या सीजे-३बी मॉडेलमध्ये कंपनीने बोनेटच उंच केलं. आमच्या जीपचं ते उंच नाक, ज्याला आपण 'घोडायात्रेतला घोडा' म्हणायचो, ते असं आलं. हेच मॉडेल पुढे महिंद्राने मुंबईत बनवलं. महिंद्राचं जीपशी नातं स्वातंत्र्याच्या सुमाराचं, माझगावला विलीजचे सुटे भाग आणून जुळणी करण्यापासूनचं.

तेव्हा गोठ्यातलं आमचं 'मूळ' इंजिन म्हणजे एका जुन्या मोटारीचं दोनदा बांधलेलं इंजिन. जुन्या सॉफ्टवेअरच्या बाबतीत आमच्या धंद्यातही हेच होतं. सगळं पुसून नव्याने लिहू असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. वापरात टिकतं ते बहुधा रूससारख्यांनी आतून सुधारलेलं.

आता १९८७ कडे. आपल्या भागात जीप आली ती सरकारच्या हाताने: बीडीओची जीप, फॉरेस्टची जीप, पोलिसांची जीप. १९५२ च्या सामुदायिक विकास कार्यक्रमात गटविकास अधिकारी हे पद आलं आणि त्याच्याबरोबर जीपही खेड्यात पोचली. खाजगी जीप नंतरच्या, लाकडाच्या नाहीतर तेंदूच्या ठेकेदारांकडे, थोड्या मोठ्या शेतकऱ्यांकडे. पेट्रोल स्वस्त होतं तोवर भागलं. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल परवडेना, आणि डिझेलची किंमत सरकारने पुढे अनेक वर्षं खाली धरून ठेवली. (ते नियंत्रण पूर्ण सुटलं थेट ऑक्टोबर २०१४ मध्ये.) सत्तरच्या दशकात कंपनीनेच ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन जीपमध्ये घालून विकायला सुरुवात केली. नंतर पूजो या फ्रेंच कंपनीच्या परवान्याने एक्सडीपी ४.९० आलं. नावातच माप आहे: ४ सिलिंडर, ९० मिलिमीटर बोअर. २,११२ सीसी.

ज्यांच्याकडे आधीच पेट्रोल जीप होती ते काय करणार? त्यांनी इंजिन बदललं. काकाजींनी नागपूरहून हे पूजो इंजिन आणलं. चिंचेच्या फांदीला चेन पुली टांगून पेट्रोल इंजिन वर काढलं, गिअरबॉक्सशी जुळावं म्हणून मधे जाड लोखंडी प्लेट बनवून घेतली, चॅसिसवरचे पाय कापून नवे वेल्ड केले. चंद्रपूरला आरटीओत जाऊन आरसी बुकावर 'डिझेल' अशी नोंदही करून घेतली. हे असं घरोघरी झालं. म्हणून या जंगलपट्ट्यात साठीतल्या जीप अजून दिसतात. पेट्रोलवर हट्टाने ठेवल्या असत्या तर त्या केव्हाच भंगारात गेल्या असत्या असं माझं मत आहे. यवतमाळची शकुंतला आठवा. १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलेलं तिचं वाफेचं इंजिन १५ एप्रिल १९९४ ला निघालं आणि डिझेल लागलं. तिला कुणी शकुंतला म्हणायचं थांबलं नाही.

कायद्याचं म्हणणं वेगळं आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी नियम केले. ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली, चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडी त्यात बसते. नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. पण अशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती, एवढंच. म्हणजे ती पाटी लागली की काकाजींचं शेत बंद. आणि आमच्या चॅसिसचे पाय १९८७ मध्येच कापलेले, त्यामुळे पेट्रोल परत चढवलं तरी 'मूळ स्वरूप' सिद्ध करणं कठीणच. भावासमोर मी नियम वाचून दाखवला. तो बराच वेळ गप्प होता.

तरी मोजमाप केल्याशिवाय बोलायचं नाही असं मी ठरवलं होतं. दोन्ही इंजिनं खोलून वरोऱ्याला लेथवर नेली. गंमत म्हणजे पोत्याखालचं पेट्रोल इंजिन बरं निघालं. ब्लॉकला तडा नाही, आधी तीस साइजपर्यंत बोअर झालेला, चाळीसला अजून एकदा करता आला असता. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी कार्बोरेटर आणि पंपातलं रबर बदलावं लागलं असतं, पण तो काही मोठा अडथळा नव्हता. डिझेलचे लायनर झिजलेले, रिंगा गेलेल्या, क्रँक मात्र ग्राइंडिंगने सुधारण्यासारखा. हेड सरळ.

मग मी साधा हिशेब मांडला. पेट्रोल इंजिन या जीपमध्ये २३ वर्षं होतं. डिझेल ३८ वर्षं. आजीला बाळंतपणाला नागपूरला नेलं नसेल, पण आईला नेलं ते या डिझेलने. कबड्डीला आपण गेलो ते याच आवाजात. नवं डीआय टाकलं असतं तर पुन्हा पाय कापणं, पुन्हा प्लेट, पुन्हा आरसीची नोंद, आणि ब्लॉकवरचा नंबर बदलला की कागदावर गाडीची अर्धी ओळख बदलते. डिझेल बांधलं तर नंबर तोच, कागद तेच.

डिझेल बांधायचं ठरलं. जमवणाऱ्या गृहस्थांना भावाने स्वतः फोन करून नाही सांगितलं, आणि त्याच्या अडचणीचा भार आम्ही बहिणींनी मिळून उचलला. मिस्त्रीभाऊ म्हणाले, "हाव, पण घाई नाही करायची." लायनर-पिस्टनचा संच नागपूरहून आला, नोझल आणि पंपाचं काम तिथेच करून घेतलं. सव्वा महिना लागला. पहिले ५०० किलोमीटर हळू चालवून ऑइल बदलायचं, तसं केलं.

पेट्रोल इंजिन स्वच्छ करून, सिलिंडरमध्ये ऑइल घालून, लाकडी चौकटीवर बसवलं आहे. हेड काढता येतं, त्यामुळे वरचा आणि खालचा व्हॉल्व्ह कुठे असतो ते मुलांना बघता येईल. शाळेने प्रयोगशाळेत जागा दिली आहे. स्नेहमेळाव्याला याल तेव्हा विज्ञान विभागाच्या दाराशी डावीकडे बघा. काकाजी जीप घेऊन येणार आहेत, चालवायला भाऊ असेल. कबड्डीच्या संघाने पैज लावू नये, मागे आता आठच जण बसतील.