हौशी रेडिओच्या स्पर्धा आणि स्थानमाहात्म्य

बिनतारी संदेशवहनाच्या प्रांतात हौशी मंडळींच्या वाट्याला आलेली जमीन मुळात पडीक होती. १९१२ साली अमेरिकेत झालेल्या रेडिओ कायद्याने त्यांना दोनशे मीटर व त्याहून आखूड लहरींपुरते मर्यादित केले. नौदलाला आणि मोठ्या कंपन्यांना हव्या होत्या त्या हजारो मीटर लांबीच्या लहरी. आखूड लहरी दूरवर पोहोचत नाहीत, असा त्या काळच्या जाणकारांचा पक्का समज होता. महसुली भाषेत सांगायचे तर निरुपयोगी म्हणून सोडून दिलेला हा खराबा होय. पुढे बारा-पंधरा वर्षांतच तो अव्वल दर्जाचा बागायत ठरला आणि ज्यांनी तो टाकला होता तेच त्यावर हक्क सांगू लागले. तो सर्व इतिहास येथे सांगावयाचा नाही. त्या मंडळींनी आपापसांत ज्या स्पर्धा भरविल्या, त्यांच्या निकालात माणसाचे कसब किती आणि जागेचे पुण्य किती, या जुन्या वादापुरताच हा लेख आहे.

हौशी रेडिओचालक म्हणजे सरकारी परवाना घेऊन, कोणत्याही द्रव्यलाभाची अपेक्षा न ठेवता, स्वतःच्या घरातून जगभरच्या आपल्यासारख्याच लोकांशी मोर्सच्या कट्ट-कडकट्टाने अथवा आवाजाने संपर्क साधणारा गृहस्थ. यालाच ‘हॅम’ असेही म्हणतात. स्पर्धेचे स्वरूप सोपे असते. ठरलेल्या चोवीस किंवा अठ्ठेचाळीस तासांत जास्तीत जास्त केंद्रांशी संपर्क साधायचा, एकमेकांची कॉलसाइन आणि ठरलेला मजकूर अचूक टिपून घ्यायचा, आणि जितके नवे देश वा विभाग मिळतील तितक्या पटीने गुण वाढवायचे. मैदान मात्र एक नसते. प्रत्येक खेळाडू आपापल्या छपराखाली बसून खेळतो, आणि सगळा घोळ तेथेच आहे.

जागेचा प्रश्न स्पर्धांच्याही आधीचा आहे. १९२१च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील हौशी केंद्रांचे संदेश अटलांटिकपलीकडे ऐकू येतात का, याची पहिली चाचणी झाली. ब्रिटनमधील हौशी मंडळी रात्री जागून कान लावून बसली, पण हाती काहीच लागले नाही. दोष आमच्या प्रेषकांचा नसून ऐकणाऱ्यांच्या यंत्रांचा आहे, असे अमेरिकेत बोलले जाऊ लागले. त्याचा निकाल लावण्यासाठी तेथील हौशी संघटनेने, म्हणजे अमेरिकन रेडिओ रिले लीगने, पॉल गॉडली या तज्ज्ञाला उत्तम ग्राहकयंत्र देऊन त्याच वर्षाच्या अखेरीस जहाजाने इंग्लंडला धाडले. गॉडलीने प्रथम लंडन परिसरात ऐकून पाहिले. तेथील विद्युत्‌कोलाहल पाहून त्याने मुक्काम हलविला तो थेट स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील आर्ड्रोसन या गावी. समुद्रालगतच्या ओल्या शेतात तंबू ठोकला, शेकडो फूट लांबीची तार खांबांवरून ओढली, आणि डिसेंबरच्या थंडीपावसात तो रात्रभर कानाला यंत्र लावून बसला. कनेटिकट राज्यातील ग्रीनिच येथे ‘रेडिओ क्लब ऑफ अमेरिका’च्या काही सभासदांनी, आणि त्यांत एडविन आर्मस्ट्राँगसारखा थोर संशोधक होता, उभारलेल्या ‘वन बीसीजी’ या केंद्राचा संपूर्ण संदेश त्याने ११-१२ डिसेंबरच्या रात्री उतरवून घेतला. इतरही अनेक अमेरिकन केंद्रे त्याला ऐकू आली.

आता यश कुणाचे म्हणावे? गॉडलीच्या कानाचे, नव्या यंत्राचे, लांब तारेचे, की आर्ड्रोसनच्या किनाऱ्याचे? या वेळी काही ब्रिटिश हौशींनीही आपल्या साध्या तारांवर अमेरिकन केंद्रे ऐकली, हे ध्यानात घेतले म्हणजे उत्तर अधिकच अवघड होते. फेब्रुवारी आणि डिसेंबर या दोन महिन्यांतील आकाश एकसारखे नव्हते, हेही खरेच. माझ्या मते गॉडलीचे खरे शहाणपण लंडन सोडण्यात होते.

यानंतर घटना झपाट्याने घडल्या. १९२३च्या नोव्हेंबरात फ्रान्समधील नीस आणि अमेरिकेतील वेस्ट हार्टफर्ड यांच्यात शंभर-एकशेदहा मीटरच्या आसपास पहिले दुतर्फी संभाषण झाले. १८ ऑक्टोबर १९२४ रोजी न्यूझीलंडच्या ओटागो प्रांतातील शॅग व्हॅली या मेंढपाळीच्या वसाहतीवरून फ्रँक बेल याने लंडनच्या मिल हिल शाळेतील सेसिल गॉयडर या विद्यार्थ्याशी संपर्क साधला. अंतर सुमारे एकोणीस हजार किलोमीटर. पृथ्वीवर याहून फार दूर जाताच येत नाही. त्या घटकेला इंग्लंडात सकाळ उजाडत होती आणि न्यूझीलंडात सांज होत होती. उजेड-अंधाराच्या सीमारेषेवर असलेली दोन ठिकाणे परस्परांना विशेष चांगली ऐकू येतात, हे पुढे स्पर्धकांच्या नित्य परिपाठातले गणित झाले.

याचे कारण आकाशात आहे. भूपृष्ठापासून साठ-सत्तर किलोमीटरपासून काहीशे किलोमीटर उंचीपर्यंत सूर्याच्या अतिनील व क्ष-किरणांमुळे हवेचे विद्युतीकरण होते. या थराला आयनांबर म्हणतात. केनेली आणि हेविसाइड यांनी १९०२ साली त्याचे अनुमान बांधले, अ‍ॅपलटनने १९२४च्या अखेरीस प्रयोगाने ते सिद्ध केले आणि त्याबद्दल त्यांना १९४७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. लघुलहरी या छतावर आपटून खाली वळतात, जमिनीवरून वा समुद्रावरून पुन्हा वर जातात, आणि अशा उड्या घेत पृथ्वीप्रदक्षिणा करतात. उड्या जितक्या कमी तितका आवाज खणखणीत. म्हणून लहर क्षितिजाला जवळजवळ चिकटून निघावी लागते, आणि उतरता डोंगरकडा किंवा समोर पसरलेले खारे पाणी हे काम फुकटात करून देते. शहराच्या मध्यवस्तीतील गच्चीवर कितीही पैसा ओतला तरी हे साधत नाही. शिवाय विजेच्या उपकरणांची खरखर आहेच.

छत मात्र रोज एकसारखे नसते. डेसाऊचे औषधविक्रेते हाइनरिख श्वाबे यांनी सतरा वर्षे सूर्यावरचे डाग मोजून १८४३ साली त्यांचा चढउतार प्रसिद्ध केला. साधारण अकरा वर्षांच्या या आवर्तनाच्या शिखरावर दहा मीटरचा पट्टा अल्पशक्तीच्या केंद्रालाही जग दाखवतो, आणि तळाशी तोच पट्टा दिवसच्या दिवस स्मशानवत असतो. २००८ आणि २०१९ ही तळाची वर्षे, १९५७-५८, २००० आणि २०२४ ही शिखराची. एकाच चालकाने एकाच खोलीतून २००० व २००८ साली मिळविलेल्या गुणांची तुलना करणे म्हणजे भर पावसाळ्याच्या आणि अवर्षणाच्या वर्षांतील आणेवारी शेजारी मांडून शेतकऱ्याला जाब विचारण्यासारखे आहे. माझी नोकरी महसूल खात्यात गेली. असा जाब विचारणारे वरिष्ठ मी पाहिले आहेत.

त्याखेरीज अकल्पित वादळे असतात. सूर्यावर स्फोट झाला की प्रकाशवेगाने येणारे क्ष-किरण दिवसाच्या बाजूचे लघुलहरींचे दळणवळण काही काळ गिळून टाकतात, आणि एक-दोन दिवसांनी येणारा भारित कणांचा लोंढा पृथ्वीचे चुंबकत्व हलवून सोडतो. २००३ साली जगातील सर्वांत मोठी ध्वनिस्पर्धा २५ आणि २६ ऑक्टोबरला झाली. सूर्य त्या आठवड्यात आधीपासूनच अस्वस्थ होता. पण अतिप्रचंड स्फोट झाला तो मंगळवारी, २८ तारखेला, आणि त्याचे महावादळ २९-३० तारखेला पृथ्वीवर आदळले. दोन दिवसांचा फरक पडता तर त्या वर्षीची गुणपत्रिका वेगळीच झाली असती.

चुंबकीय वादळांच्या नोंदींशी आपल्या प्रदेशाचा फार जुना संबंध आहे. २ सप्टेंबर १८५९ रोजी इतिहासातले सर्वांत गाजलेले चुंबकीय वादळ झाले, तेव्हा मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतील निरीक्षकांनी आडव्या चुंबकबलात झालेली विलक्षण घसरण नोंदवून ठेवली. ती सुमारे सोळाशे नॅनोटेस्ला होती, आणि त्या वादळाची तीव्रता ठरविताना आजचे शास्त्रज्ञ याच वहीचा आधार घेतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येऊ घातल्या. त्यांच्या प्रवाहाने चुंबकसूची विचलित होणार, हे ओळखून वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी चुंबकीय विभाग अलिबागला हलविला. तेथील इमारतीसाठी लोहांश नसलेला पोरबंदरी दगड वापरला, आणि १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेऊन जागेमुळे पडणारा फरक मोजून काढला. नंतरच कुलाब्याचे काम थांबविले. जागा बदलताना जुन्या-नव्या आकड्यांचा मेळ कसा घालावा, याचा इतका सचोटीचा नमुना क्वचितच सापडेल. रेडिओस्पर्धांत हा मेळ कुणी घातला नव्हता.

या स्पर्धांचा आरंभ विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातला. १९२७ साली अमेरिकन लीगने आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरविली, आणि १९४८पासून ‘सीक्यू वर्ल्ड वाइड’ ही अठ्ठेचाळीस तासांची स्पर्धा सुरू झाली. हिच्या नियमांत निसर्गाच्या पक्षपातावर माणसाने आपला पक्षपात चढविला. दुसऱ्या खंडातील संपर्काला तीन गुण, आपल्याच खंडातील परदेशाला एक, स्वदेशाला शून्य. परिणाम पाहावा. स्पेनच्या मुख्य भूमीवरील चालकाला जर्मनीशी बोलून एक गुण मिळतो. तोच चालक स्पेनच्याच मालकीच्या कॅनरी बेटांवर गेला की त्याच जर्मन केंद्राचे तीन मिळतात, कारण भूगोलाच्या पुस्तकात कॅनरी आफ्रिकेत आहे. भोवती समुद्र, युरोप सुमारे तीन हजार किलोमीटरवर, अमेरिकेचा पूर्व किनाराही आटोक्यात. कॅरिबियन समुद्रातील अरूबा आणि कुरासाव ही बेटे दक्षिण अमेरिकेत धरली जातात, म्हणून त्यांना अमेरिकन संयुक्त संस्थानांशी झालेल्या संपर्काचे तीन गुण. बार्बाडोस उत्तर अमेरिकेत मोडते, म्हणून त्याला दोनच. त्यामुळे हौशी धनिकांनी विमानाने जाऊन कॅनरी, मदेरा, मोरोक्को, केप व्हर्दे, अरूबा येथे ठाणी उभारली, आणि जागतिक क्रमवारीची वरची पाने या मोजक्या ठिकाणांनीच भरू लागली. नकाशावरच्या एका रेघेने तेच कष्ट तिप्पट मोलाचे किंवा एक-तृतीयांश मोलाचे ठरतात, ही गोष्ट आपल्यापैकी बेळगावकडच्या वाचकांना फोड करून सांगण्याची गरज नाही.

भारतातील स्पर्धकाची बाजू या हिशेबात लंगडी पडते. हौशी केंद्रांची प्रचंड संख्या असलेला जपान आपल्यासाठी त्याच खंडातला, म्हणजे एका गुणाचा. युरोपीयाला तोच तीन गुणांचा. युरोप आपल्याला चांगला मिळतो. अमेरिकेचे मात्र हाल. पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहिला तर इंदुराहून न्यूयॉर्कची सरळ वाट स्वीडन-नॉर्वेच्या उत्तरेकडून ग्रीनलंडच्या दक्षिण टोकावरून जाते, आणि सॅन फ्रान्सिस्कोची सायबेरियाच्या उत्तर सीमेपलीकडून. दोन्ही वाटा ध्रुवप्रकाशाच्या पट्ट्याला छेदून जातात. चुंबकीय वादळाचा पहिला तडाखा याच पट्ट्याला बसतो आणि दुर्बळ आवाज तेथेच विरून जातात. कॅनरीचा चालक त्या वेळी दक्षिणेकडच्या वाटेने अमेरिकेशी निवांत बोलत असतो. त्यातून जुलैतील स्पर्धा असली की आपल्याकडे पावसाळी विजांचा कडकडाट लांब पल्ल्याच्या पट्ट्यांवर कान फाडतो.

कसबाची खरी परीक्षा व्हावी, ही खंत जुनीच होती. ती कृतीत आली १९९० साली, सिएटल येथे गुडविल क्रीडामहोत्सवाच्या निमित्ताने. अमेरिका, सोव्हिएत संघ आणि इतर देशांतील निवडक जोड्यांना एकाच परिसरात, साधारण सारख्या अँटेनांवर बसवून स्पर्धा घेतली गेली. ‘वर्ल्ड रेडिओस्पोर्ट टीम चॅम्पियनशिप’ या नावाने ती पुढे १९९६ साली सॅन फ्रान्सिस्को परिसरात, २००० साली स्लोव्हेनियात, २००२ साली फिनलंडमध्ये आणि २००६ साली ब्राझीलमध्ये झाली. तरी स्थानिक हौशींच्या घरांतून खेळताना टेकडी-सखलाचा भेद उरतच होता. म्हणून २०१० साली मॉस्कोजवळ मोकळ्या रानात तंबू ठोकण्यात आले. २०१४ साली न्यू इंग्लंडमध्ये एकोणसाठ जोड्या होत्या. सर्वांना एकाच उंचीचे मनोरे, एकाच नमुन्याच्या अँटेना, शंभर वॅट शक्ती, जनित्राची वीज. तंबू चिठ्ठी टाकून मिळणार. प्रत्येक तंबूत एक पंच. कोणत्या जोडीची कॉलसाइन कोणती, हे मित्रांना कळून ते मुद्दाम गुण देऊ नयेत म्हणून ती ऐनवेळी पाकिटातून दिली जात असे. २०१८ साली जर्मनीत विटेनबर्गच्या परिसरातही हीच व्यवस्था होती. २०२२ची स्पर्धा साथीमुळे लांबून २०२३च्या जुलैत इटलीत बोलोन्याजवळ झाली.

जागा काढून घेतल्यावर काय उरले? १९९६, २००० आणि २००२ या तिन्ही वेळा तीन वेगवेगळ्या भूमींवर अमेरिकेची एकच जोडी जिंकली. २०१४ साली पहिली आलेली दुसरी एक अमेरिकन जोडी २०१८ साली तिसरी आली, आणि २०१४ची तिसरी असलेली जर्मन जोडी दुसरी, पहिली लिथुआनियाची. खंड बदलला, तंबू चिठ्ठीने मिळाला, सूर्य शिखरावरून तळाकडे आला. तरी वरच्या रांगेत पुष्कळशी तीच माणसे. जागेच्या जोरावर मोठे झालेले सारेच तेवढ्यावर मोठे झाले नव्हते, हे यातून दिसते. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. या तंबूत बसण्याचा मान आधीच्या वर्षांतील सर्वसाधारण स्पर्धांच्या गुणांवरून मिळतो. ते गुण आपापल्या गावातून, आपापल्या आकाशाखाली मिळवावे लागतात. त्यासाठी जगाचे विभाग पाडून प्रत्येक विभागातून काही जागा राखून ठेवल्या जातात, आणि त्या कशा आखाव्यात यावर दर खेपेस वाद झडतो.