उंदराची मंद शेगडी

वाशीम जिल्ह्यात सोयाबीनच्या पोत्यांमागे खुडबुडणारा छोटा घरउंदीर आणि प्रयोगशाळेतला 'माउस' एकाच जातीचे. पोटात अन्न नाही आणि हवा गार, असे झाले की हा प्राणी काही तास सुप्तावस्थेत जातो. ३७ अंशांचे शरीर ३० अंशांच्याही खाली उतरते, मग आपोआप पूर्ववत होते. इंधन संपून शेगडी विझते, की मेंदूच ती मंद करतो?

जून २०२० मध्ये 'नेचर'मधील दोन लेखांनी याचे उत्तर दिले. हार्वर्डमधील सिनिशा ह्र्वातिन व सहकाऱ्यांनी सुप्तावस्थेत कार्यरत होणाऱ्या चेतापेशींवर खूण केली. पुढे त्याच पेशी चेतवल्यावर पोट भरलेला उंदीरही थंड पडला. त्यांना गप्प केल्यावर उपाशी उंदीर सुप्तावस्थेत गेला नाही. या पेशी हायपोथॅलॅमसच्या परिसरातल्या.

जपानमधील त्सुकुबा विद्यापीठाच्या ताकेशी साकुराई यांच्या गटाने तेथीलच 'क्यू' चेतापेशी चेतवल्या. उंदीर दिवसाहून अधिक काळ थंड राहिला, पण तापमानाचे नियमन चालूच होते. फक्त पातळी खाली आणली गेली होती.

आम्हाला अधिक नवल 'रॅट'चे वाटते. (मराठीत दोघेही उंदीरच!) तो एरवी असा सुप्त होत नाही; तरी याच पेशी चेतवल्यावर तोही थंड झाला.