सोयाबीनच्या गाठीतले बॅक्टेरिया दुसऱ्याचा डीएनए कसा उचलतात?

मृगाचा पाऊस झाला की हिंगोली, सेनगाव, कळमनुरी भागात सोयाबीनच्या बॅगेसोबत रायझोबियमची बाटलीही घरी येते. शेजारच्या परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठही हे द्रवरूप जिवाणू संवर्धक तयार करतं. एक किलो बियाण्याला साधारण 10 मिली चोळायचं, सावलीत सुकवायचं आणि पेरायचं.

पण बाटलीतून शेतात फक्त बॅक्टेरिया जात नाहीत. त्यांचा डीएनएही जातो, आणि मातीत आधीपासून राहणारे दुसरे बॅक्टेरिया तो स्वतःत सामावून घेऊ शकतात.

गाठीची कला कुठे असते?

सोयाबीन मूळचं चीनकडचं. त्याच्या मुळांशी जमणारे बॅक्टेरिया प्रत्येक मातीत पुरेसे असतीलच असं नाही, म्हणून बाटली लागते. हे बॅक्टेरिया मुळांवर गाठी करतात आणि हवेतला नत्र पिकाला देतात. बदल्यात पीक त्यांना साखर देतं.

2002 मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी सोयाबीनच्या अशा एका बॅक्टेरियाचा संपूर्ण डीएनए वाचला. सुमारे 91 लाख अक्षरांचा. त्यात 6 लाख 81 हजार अक्षरांचा एक पट्टा वेगळा दिसला. गाठ करण्याची आणि नत्र बांधण्याची बरीचशी जनुकं तिथेच एकवटलेली होती. शास्त्रज्ञ अशा पट्ट्याला 'बेट' म्हणतात.

बेट जागा बदलतं

असं बेट एका बॅक्टेरियातून दुसऱ्यात जातं, हे आधीच न्यूझीलंडच्या एका कुरणात दिसलं होतं. तिथे लोटस नावाचं चाऱ्याचं पीक पेरताना बियाण्याला एकाच वाणाचा बॅक्टेरिया लावला होता. सात वर्षांनी गाठी उघडल्या, तर आत भलतेच बॅक्टेरिया! ते तिथल्याच मातीतले होते, पण गाठीची जनुकं मात्र पेरलेल्या बॅक्टेरियाची. हे संशोधन 1995 मध्ये प्रसिद्ध झालं.

हे घडतं असं. बेट आधी मूळ डीएनएतून स्वतःला कापून घेतं आणि त्याची कडी होते. दोन बॅक्टेरिया एकमेकांना चिकटतात, मध्ये बारीक पूल तयार होतो. कडीचा एक धागा पुलावरून पलीकडे जातो आणि तिथे त्याची जोडी बनते. मग एक एन्झाइम नव्या बॅक्टेरियाचा डीएनए ठरलेल्या जागी कापतं, बेट तिथे बसवतं आणि सांधा जोडतं. पुढच्या पिढ्यांना ते आपोआप मिळतं.

हा एकच रस्ता नाही. 1928 मध्ये फ्रेडरिक ग्रिफिथ यांना दिसलं होतं की न्यूमोनियाचे निरुपद्रवी बॅक्टेरिया मेलेल्या घातक बॅक्टेरियांच्या संगतीत घातक होतात. मेलेल्यांचा डीएनए ते उचलत होते, हे 1944 मध्ये न्यूयॉर्कमध्ये सिद्ध झालं. कधी बॅक्टेरियांना लागण करणारे व्हायरसही ही ने-आण करतात. अर्थात आत शिरलेला प्रत्येक तुकडा टिकत नाही. बॅक्टेरियाकडे परका डीएनए कापणाऱ्या कात्र्या असतात, बरेच तुकडे तिथेच संपतात.

शेतकऱ्याचं काय?

ब्राझीलच्या सोयाबीनच्या जमिनीतही बाटलीतल्या बॅक्टेरियाची जनुकं स्थानिकांकडे गेल्याचे पुरावे 2007 मध्ये मांडले गेले. खरी डोकेदुखी ऑस्ट्रेलियात दिसली. तिथे बिसेरुला या चाऱ्याच्या पिकासोबत आणलेल्या बॅक्टेरियाची जनुकं काही वर्षांतच स्थानिकांनी उचलली. नवे बॅक्टेरिया गाठी तर करू लागले, पण त्यांतले काही नत्र देण्यात अगदीच कच्चे निघाले. म्हणजे मुळावरची जागा अडवायची, साखर खायची आणि द्यायचं काहीच नाही!

यात माणसाला घाबरण्यासारखं काही नाही. रायझोबियम आपल्याला आजारी पाडत नाही. पण याच पुलावरून दवाखान्यातल्या बॅक्टेरियांमध्ये अँटिबायोटिकला न जुमानणारी जनुकंही फिरतात, आणि ती बाब मात्र गंभीर आहे.

बीजप्रक्रियेत आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि सगळ्यात शेवटी जिवाणू संवर्धक, हा क्रम पाळावा. गाठी कामाच्या आहेत की नुसत्या बसून खाणाऱ्या, हे बांधावरच कळतं. पीक साधारण 35-40 दिवसांचं झालं की एक झाड खुरप्यानं मुळासकट अलगद काढायचं आणि गाठ नखानं फोडायची. आत गुलाबी-लाल रंग असेल तर गाठ नत्र देते आहे. पांढरी किंवा हिरवट निघाली, तर ती काम करत नाही.