लघुपथ शर्यतीतील स्वस्त मोटारगाडी

लघुपथ शर्यतीतील स्वस्त मोटारगाडी : एक मैलाहून (सु. १·६ किमी.) कमी लांबीच्या लंबवर्तुळाकार मार्गावर होणाऱ्या मोटारशर्यतींतील प्राथमिक गटासाठी वापरण्यात येणारी, मूलतः रहदारीसाठी बनविलेली जुनी गाडी. हा क्रीडाप्रकार प्रामुख्याने अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत (अ. सं. सं.) वाढला. तेथील लघुपथ बहुधा पाव ते अर्धा मैल लांबीचे असून त्यांचा पृष्ठभाग मातीचा किंवा डांबरी असतो. गाड्या घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने, म्हणजे सतत डावीकडे वळत धावतात. हंगामात आठवड्यातून एका रात्री भरणाऱ्या या शर्यतींत भाग घेणारे बहुतेक जण गॅरेजमधील कारागीर, शेतकरी वा कारखान्यातील कामगार असतात. अशा हौशी चालकांना परवडणारी गाडी उपलब्ध राहते की नाही, यावरच पथाचे अस्तित्व अवलंबून असते. गाड्यांची संख्या रोडावली की प्रेक्षक कमी होतात आणि पथ बंद पडतो.

गाडीच्या निवडीचे निकष या शर्यतीच्या स्वरूपातून निर्माण झाले आहेत. सतत डावीकडे वळल्यामुळे गाडीचा भार उजव्या बाजूवर, विशेषतः पुढील उजव्या चाकावर पडतो व त्या चाकाचा तुंबा, आस आणि टायर यांवर मोठा ताण येतो. एंजिनाच्या तळातील तेल उजवीकडे लोटले जाते व पंपाला ते पुरेसे मिळत नाही. गाड्या एकमेकींवर व कडेच्या भिंतीवर आदळतात. वाकलेला सांगाडा पुढच्या शर्यतीपूर्वी सरळ करावा लागतो. म्हणून स्वतंत्र व दणकट सांगाडा, मागील चाकांना शक्ती देणारा अखंड आस आणि भंगारबाजारात विपुल सुटे भाग असलेले एंजिन या तीन गोष्टींना प्रथमपासून महत्त्व आले. गाडीची खरेदी-किंमत हा एकूण खर्चाचा लहानसा भाग होय.

हे तिन्ही निकष प्रथम पूर्ण केले ते फोर्ड कंपनीच्या गाडीने. या कंपनीने १९३२ मध्ये व्ही-८ एंजिनाची गाडी बाजारात आणली. तोपर्यंत आठ सिलिंडरांचे एंजिन महागड्या गाड्यांतच मिळत असे. फोर्डच्या उघड्या गाडीची किंमत मात्र ४६० डॉलर होती. एंजिनाची शक्ती प्रारंभी ६५ अश्वशक्ती असून ती पुढे ८५ पर्यंत वाढली. गाडी हलकी होती. पुढचा व मागचा आस अखंड असून त्यांवर आडव्या पाटा-स्प्रिंगा बसविलेल्या असल्यामुळे दुरुस्ती साध्या हत्यारांनी होई. १९४८ पर्यंतच्या नमुन्यांचे पुष्कळसे भाग परस्परांना चालत. हिच्यात दोषही होते. निष्कास वायूचे मार्ग एंजिनाच्या ठोकळ्यातूनच गेलेले असल्याने ते लवकर तापे. १९३९ पूर्वीच्या गाड्यांना यांत्रिक गतिरोधक असत. त्यांच्या जागी १९३९ नंतरचे द्रवचलित गतिरोधक बसविण्याचा प्रघात पडला. अवैध मद्याची चोरटी वाहतूक करणाऱ्यांनी दक्षिणेकडील डोंगराळ भागात हीच गाडी पसंत केली होती आणि पुढे शर्यतीत उतरलेल्या अनेक चालकांचे व कारागिरांचे शिक्षण याच धंद्यात झाले.

दुसऱ्या महायुद्धामुळे १९४२ मध्ये खाजगी गाड्यांचे उत्पादन आणि मोटारशर्यती दोन्ही थांबल्या. युद्धानंतर नव्या गाड्या मिळू लागताच जुन्या फोर्ड गाड्या मोठ्या संख्येने टाकून देण्यात आल्या व शर्यतीच्या मैदानावर आल्या. काचा काढून दारे पक्की बंद करावयाची, आत लोखंडी नळ्यांचा आधार जोडावयाचा आणि लष्कराच्या शिल्लक मालातून मिळणारा विमानातील पट्टा कमरेला बांधावयाचा, एवढीच सिद्धता पुरेशी मानली जाई. बिल फ्रान्स यांच्या पुढाकाराने डिसेंबर १९४७ मध्ये डेटोना बीच येथे झालेल्या बैठकीतून ‘नॅसकार’ ही संघटना निघाली. तिची पहिली शर्यत फेब्रुवारी १९४८ मध्ये रेड बायरन याने १९३९ च्या फोर्ड गाडीतून जिंकली.

स्वस्त गाडीचा प्रश्न हा मूलतः नियमांचा प्रश्न आहे, हे पुढील वर्षीच स्पष्ट झाले. १९ जून १९४९ रोजी शार्लट येथील पाऊण मैलाच्या मातीच्या पथावर, कारखान्यातून बाहेर पडल्या तशाच गाड्यांसाठी शर्यत घेण्यात आली. ग्लेन डनवे हा १९४७ च्या फोर्ड गाडीतून प्रथम आला. परंतु तपासणीत मागील स्प्रिंगांत फेरफार केल्याचे आढळल्यामुळे त्याला बाद करून लिंकन गाडीच्या जिम रोपरला विजयी घोषित करण्यात आले. तो फेरफार मद्याची वाहतूक करणाऱ्यांचा नेहमीचाच होता. गाडीच्या मालकाने दहा हजार डॉलरचा दावा लावला, पण न्यायालयाने तो फेटाळला व नियम अंमलात आणण्याचा संघटनेचा अधिकार मान्य केला. हा निकाल लागला नसता, तर प्राथमिक गटाला काही अर्थ उरला नसता. कारण अशा गटातील गरीब चालकाचे संरक्षण तपासनीसाच्या हाती असते.

तथापि नियम असूनही खर्च वाढतच जातो, असा या खेळाचा इतिहास आहे. नॅसकारने १९५० मध्ये ‘स्पोर्ट्‌समन’ हा गट काढला. त्यात जुन्या गाड्या वापरावयाच्या असून ‘मॉडिफाइड’ गटाहून कमी फेरफारांना मुभा होती. १९६८ मध्ये त्याचे ‘लेट मॉडेल स्पोर्ट्‌समन’ असे रूपांतर झाले, तो मोठ्या पथांवर गेला आणि १९८२ मध्ये त्यातून एक राष्ट्रीय मालिकाच उभी राहिली. काटकसरीसाठी काढलेला गट अशा रीतीने काटकसरी चालकांच्या हातून निसटला. ब्रिटनमध्येही तसेच घडले. लंडनमधील न्यू क्रॉस येथे १९५४ च्या गुड फ्रायडेला तेथील स्टॉक कार शर्यतींचा प्रारंभ जुन्या, निकामी ठरलेल्या गाड्यांनी झाला. परंतु थोड्याच वर्षांत वरिष्ठ गटात खास बांधलेल्या गाड्या आल्या आणि हौशी लोकांसाठी वेगळे गट निर्माण करावे लागले.

जुन्या फोर्ड गाड्या दुर्मिळ होत गेल्या, तशी त्यांची जागा शेव्हरोलेट कंपनीच्या गाड्यांनी घेतली. या कंपनीने १९५५ मध्ये आणलेले लहान आकारमानाचे व्ही-८ एंजिन अनेक दशके त्याच मूळ रचनेवर बनत राहिले. त्यामुळे भंगारात पडलेल्या असंख्य गाड्यांतून त्याचे भाग मिळू लागले. १९५५–५७ च्या शेव्हरोलेट गाड्या, मागाहून ‘नोव्हा’ व ‘कमॅरो’ या क्रमाने प्रचारात आल्या. यांपैकी कमॅरोचे भाग्य विचित्र ठरले. संग्राहकांची तिच्यावर नजर गेली, तिची किंमत चढली आणि ज्या पथांवर ती दर आठवड्याला ठोकरली जात होती, तेथून ती जवळजवळ नाहीशी झाली.

नंतरचा दीर्घ काळ जनरल मोटर्सच्या १९७८ पासूनच्या मध्यम आकाराच्या गाड्यांचा होता. शेव्हरोलेट ‘मालिबू’ व ‘माँटे कार्लो’, ब्यूक ‘रीगल’, ओल्ड्‌समोबाइल ‘कटलस’ आणि पाँटिॲक ‘ग्रां प्री’ यांचा मूळ सांगाडा एकच असल्याने एकीचा भाग दुसरीला बसे. मागील चाकांना शक्ती देणाऱ्या या गाड्या १९८८ पर्यंत निघाल्या. सामान्य चालकाच्या दृष्टीने याहून सोयीची गाडी लघुपथाला क्वचितच लाभली असेल. चार सिलिंडरांच्या लहान गटात फोर्ड ‘पिंटो’ (१९७०–८०) हिला असेच स्थान मिळाले. तिचे १९७४ मधील २·३ लिटरचे एंजिन कंपनीने ‘मस्टँग’ गाडीत १९९३ पर्यंत वापरले. म्हणून गाडी नाहीशी झाली तरी एंजिन मिळत राहिले.

खर्च रोखण्याचा सर्वांत कल्पक उपाय घोड्यांच्या शर्यतींतून आलेला आहे. तेथे काही शर्यतींत धावणारा प्रत्येक घोडा पूर्वनिश्चित किमतीला विक्रीस असतो. आयोवा राज्यातील ‘इमका’ या संघटनेने १९७९ मध्ये सुरू केलेल्या गटात हे तत्त्व एंजिनाला लावले. पराभूत चालक ठरलेली अल्प रक्कम भरून विजेत्याचे एंजिन मागू शकतो. न दिल्यास विजेत्यावर कारवाई होते. ज्याचे एंजिन हातचे जाण्याचा संभव आहे, तो त्यावर भरमसाट खर्च करीत नाही, ही त्यामागील कल्पना होय. व्यवहारात या नियमाचा सूड उगविण्यासाठीही उपयोग झाला आणि मित्रांनी परस्परांची एंजिने मागावयाचीच नाहीत, असे अलिखित संकेतही पडले. स्वीडनमधील ‘फोकरेस’ व फिनलंडमधील तत्सम शर्यती यांत सबंध गाडीच ठरावीक किमतीला विकावी लागते. तेथील नियम अधिक कठोर असून ते अधिक यशस्वी झाल्याचे दिसते. एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेत याला पर्याय म्हणून कारखान्यात मोहोरबंद केलेली एंजिने आली. त्यांनी फेरफारांना आळा घातला हे खरे. पण नवे एंजिन विकत घ्यावे लागणे हे भंगारातून गाडी उभी करणाऱ्याच्या दृष्टीने स्वस्ताईचे लक्षण म्हणता येणार नाही.

नवोदित चालक गाडीची निवड करताना अजूनही बव्हंशी जुन्याच अनुभवाचा आधार घेतात. जवळच्या पथाची नियमपुस्तिका प्रथम पाहिली जाते, कारण एका पथावर चालणारी गाडी दुसरीकडे बाद ठरू शकते. ज्या गटात सर्वाधिक गाड्या धावतात तो गट बहुधा सोयीचा ठरतो. तेथे सुटे भाग उसने मिळतात आणि सल्लाही मिळतो. गाडी स्वतः बांधण्यापेक्षा एखाद्या निवृत्त चालकाची तयार गाडी घेणे पुष्कळदा कमी खर्चाचे असते. टायरांचा खर्च मात्र सतत चालू राहतो. म्हणून अनेक पथांवर एकाच प्रकारचे, लवकर न झिजणारे टायर सक्तीचे केलेले असतात. आसन, पट्टे, शिरस्त्राण व आतील नळ्यांचा पिंजरा यांत काटकसर करू देत नाहीत. जुन्या काळातील स्वस्ताईचा बराचसा भाग चालकाच्या जिवावरच आधारलेला होता, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

पुढील चाकांना शक्ती देणाऱ्या गाड्या सर्वत्र रूढ झाल्यावर स्वतंत्र सांगाड्याच्या प्रवासी गाड्या क्रमाने संपत गेल्या. शेव्हरोलेट ‘कॅव्हेलियर’, डॉज ‘नीऑन’ व होंडा ‘सिव्हिक’ यांसारख्या चार सिलिंडरांच्या लहान गाड्यांचे गट त्यामुळे निघाले व प्रवेशासाठी तेच सर्वांत स्वस्त ठरले. या गाड्यांत पुढील उजव्या चाकावर वळणाचा भार, शक्ती आणि दिशानियंत्रण या तिन्हींचा ताण एकत्र येत असल्याने त्या बाजूचे टायर व सांधे लवकर झिजतात. दणकट सांगाड्याच्या व्ही-८ गाड्यांपैकी पोलीस व टॅक्सी सेवेतून निवृत्त झालेली फोर्ड ‘क्राउन व्हिक्टोरिया’ काही पथांवर स्वतंत्र गटात धावते. तिचे उत्पादन २०११ मध्ये थांबले आहे.