४२.८ : व्हिस्कीच्या बाटलीवरील एका आकड्याचा इतिहास

तंजावुरहून पट्टुकोट्टईकडे निघाले की वीस-पंचवीस किलोमीटरांवर ओरत्तनाडु लागते. दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०२ च्या सुमारास मुक्तांबाळ हिच्या स्मरणार्थ येथे अन्नछत्र उभारले. रामेश्वराच्या वाटेवरील यात्रेकरूंना तेथे अन्न आणि आसरा मिळे. गेल्या उन्हाळ्यात तंजावुरातील काम आटोपून मी ते छत्र पाहिले आणि संध्याकाळी गावातल्याच एका सहकाऱ्याच्या घरी मुक्काम केला.

आम्हा दोघांनाही निरनिराळ्या व्हिस्की चाखून त्यांची तुलना करण्याचा छंद आहे. मी तर नऊ वर्षे एक वही ठेवली आहे. प्रत्येक व्हिस्कीचा गंध, चव, घशाखाली उतरल्यानंतर रेंगाळणारा स्वाद आणि शेवटी दहापैकी गुण, तेही अर्ध्या गुणापर्यंत काटेकोर. त्या रात्री समोर दोन बाटल्या होत्या, एक ४२.८ टक्के मद्यार्काची आणि दुसरी ४६ टक्क्यांची. तुलना न्याय्य व्हावी म्हणून दोन्हींची तीव्रता आधी सारखी करायचे ठरले. सहकाऱ्याकडे प्रयोगशाळेतील काचेचा हायड्रोमीटर, म्हणजे द्रवात तरंगून घनता दाखवणारे साधे उपकरण होते. पहिल्या बाटलीतील व्हिस्कीत तो सोडला, तेव्हा त्याने जवळजवळ ४८ दाखवले.

बाटलीवरचा आकडा खोटा होता की उपकरण बिघडले होते? दोन्ही ठीक होते. हायड्रोमीटर २० अंश सेल्सिअससाठी आखलेला होता आणि खोलीत ३४ अंश होते. तापल्यावर मद्यार्क पाण्यापेक्षा कितीतरी अधिक प्रसरण पावतो. द्रव विरळ होतो, उपकरण अधिक बुडते आणि या तीव्रतेच्या आसपास दर अंशामागे सुमारे ०.४ टक्के मद्यार्क जास्त भासतो. चौदा अंशांची दुरुस्ती केल्यावर ४२.८ चा हिशेब जुळला.

पण मग ४२.८ च का? चाळीस किंवा पंचेचाळीस असा सरळ आकडा का नाही?

याचे उत्तर इंग्लंडच्या करवसुलीत सापडते. तेथे मद्यावर त्याच्या तीव्रतेनुसार कर घेतला जाई. सुरुवातीची कसोटी अशी की बंदुकीची दारू मद्यात भिजवून पेटवायची. ती पेटली तर मद्य 'प्रूफ', म्हणजे कसोटीला उतरलेले. पण दारू किती भिजवली, तीव्रता किती आहे आणि हवा कशी आहे यांवर निकाल बदलत असे. व्यापारी व अधिकारी यांच्यात वाद होणे अटळ होते. म्हणून १८०२ मध्ये लंडनच्या अबकारी मंडळाने निरनिराळ्या हायड्रोमीटरांची चाचणी घेतली आणि तीत बार्थोलोम्यू साइक्स याचे उपकरण सरस ठरले. पुढच्याच वर्षी तो वारला. त्याच्या उपकरणाला कायद्याने मान्यता मिळाली ती १८१६ मध्ये.

साइक्सच्या पद्धतीचे मर्म धातूच्या गोळ्यापेक्षा तिच्या सोबतच्या तापमापकात आणि कोष्टकात होते. 'प्रूफ' म्हणजे ५१ अंश फॅरनहाइटला तेवढ्याच आकारमानाच्या ऊर्ध्वपातित पाण्याच्या बारा-तेरांश वजनाचे मद्य, अशी व्याख्या झाली. आजच्या भाषेत ते आकारमानाने ५७.१ टक्के मद्यार्क होतात. त्याला १०० अंश मानले, की त्याहून पंचवीस अंश खालचे मद्य ७५ अंशांचे, म्हणजेच ४२.८ टक्क्यांचे. ब्रिटनने १९८० मध्ये ही पद्धत सोडली. आपल्या बाटल्यांवर मात्र ४२.८ राहिले आणि अबकारी खात्याच्या हिशेबात 'प्रूफ लिटर' राहिले. हा आकडा चवीसाठी कोणी निवडलेला नाही. तो करवसुलीचा वारसा आहे.

लंडनमध्ये ही चाचणी चालली होती त्याच सुमारास ओरत्तनाडुचे छत्र उभे राहत होते, हा योगायोग मला त्या घरात बसून जाणवला. १७९९ च्या तहाने तंजावुरचा कारभार कंपनीकडे गेला होता. राजांना वर्षाला एक लाख होन आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा मिळणार होता. १८०१ मध्ये सरफोजींनी रेसिडेंटला पत्र लिहून छत्रे आपल्याकडेच ठेवण्याची विनंती केली. त्या पत्रात वाटसरूंना मिळणाऱ्या अन्नाचे आणि आजाऱ्यांच्या शुश्रूषेचे तपशीलवार वर्णन आहे. महसुलाचे मोजमाप हातातून गेलेल्या या राजाच्या संग्रहात वायुपंप आणि विद्युतयंत्र होते. मोजण्यामागे करवसुली असू शकते, तसेच कुतूहलही असू शकते. उपकरण दोन्हीकडे सारखेच असते.

बाटलीवरचा दुसरा आकडा वयाचा. त्याचाही उगम थंड प्रदेशातला. पहिल्या महायुद्धात ब्रिटनने १९१५ मध्ये व्हिस्की किमान दोन वर्षे मुरवण्याची सक्ती केली आणि पुढच्या वर्षी ती मुदत तीन वर्षांवर नेली. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला सुमारे दोन टक्के द्रव उडून जातो. तिथले लोक त्याला 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. बंगळूरात हाच वाटा दहा-बारा टक्क्यांवर जातो. उष्णतेने लाकूड आणि मद्य यांतील देवघेवही वेगाने होते. १९४८ मध्ये जगदाळे कुटुंबाने स्थापन केलेल्या 'अमृत'ने २००४ मध्ये आपली सिंगल माल्ट आधी थेट ग्लासगोत विक्रीला नेली. पुढे आठ वर्षे मुरलेल्या त्यांच्या एका व्हिस्कीला 'ग्रीडी एंजल्स', म्हणजे हावरे देवदूत, असे नाव दिले गेले. २०१२ मध्ये गोव्याची 'पॉल जॉन' आली. या व्हिस्कींचे वय स्कॉटलंडच्या वयाशी ताडून पाहणे म्हणजे ३४ अंशांतले वाचन २० अंशांच्या पट्टीवर घेण्यासारखेच आहे.

आता आमच्या तुलनेकडे वळतो. दुसऱ्या व्हिस्कीच्या दर १०० मिलिलिटरमध्ये सुमारे साडेसात मिलिलिटर पाणी घालून तीव्रता सारखी केली. पाण्याने चव केवळ सौम्य होत नाही. २०१७ मध्ये स्वीडनमधील कार्लसन व फ्रीडमन यांनी संगणकीय प्रतिरूपाने दाखवले, की मद्यार्क ४५ टक्क्यांपर्यंत असताना धुरकट गंध देणारा ग्वायाकॉल हा रेणू द्रवाच्या पृष्ठभागाशी अधिक आढळतो आणि ५९ टक्क्यांच्या वर तो आत ओढला जातो. मग सहकाऱ्याच्या भावाने दुसऱ्या खोलीत तीन पेले भरले. दोन पेल्यांत एकच व्हिस्की होती आणि तिसऱ्यात वेगळी. प्रत्येकात दहा मिलिलिटर. वेगळा पेला कोणता ते मला ओळखायचे होते.

मला ते ओळखता आले नाही. त्याहून बोचले ते हे, की एकाच व्हिस्कीच्या दोन पेल्यांना मी साडेसहा आणि आठ असे गुण दिले होते. माझ्या जिभेची त्रुटी दीड गुणाची होती आणि वहीत मी नऊ वर्षे अर्ध्या गुणांचे निवाडे लिहीत आलो होतो. वही परत चाळली तेव्हा दिसले, की सर्वाधिक गुण बहुतेक ४६ टक्के किंवा त्याहून तीव्र व्हिस्कींना होते. तीव्रतेलाच मी गुणवत्ता समजत होतो.

वही मी टाकली नाही. आता प्रत्येक नोंदीत तापमान, घातलेले पाणी आणि पेला झाकून चाखला की पाहून, हे लिहितो. गुण पूर्णांकात देतो. पेलाही लहान झाला आहे. मद्याचे कोणतेच प्रमाण निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे आणि तुलनेला दहा मिलिलिटर पुरेसे असतात.

साइक्सचा हायड्रोमीटर आज संग्रहालयात आहे. त्याच्या कोष्टकाने शिकवलेली गोष्ट मात्र जुनी झालेली नाही. कोणत्या परिस्थितीत घेतला हे सोबत लिहिलेले नसेल, तर आकडा हे मोजमाप होत नाही. मग तो आकडा सरकारी उपकरणाने दिलेला असो, की आपल्याच जिभेने.